विहिणींचे मेंढे

दोघी विहिणी रोज सकाळी एकमेकींच्या मेंढ्यांच्या लेंड्या उपसत. मेंढीपालकांच्या सगळ्या संघाला याची गंमत वाटे. वाटायची नाही ती फक्त त्या दोघींना.

ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा चाचणीच्या शेडमध्ये विजेचे काटे आले नव्हते. लोखंडी तराजू होता. एका पारड्यात घमेलं, दुसऱ्यात वजनं, आणि काटा स्थिर होईपर्यंत माणसानं श्वास धरून उभं राहायचं. शेड लांबलचक, पत्र्याची. आत चाळीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक तरणा मेंढा, कानात नंबरचा बिल्ला, पुढ्यात स्वतःची गव्हाण. सकाळी गव्हाणीत मोजून खुराक टाकायचा, दुसऱ्या सकाळी उरलेला मोजून काढायचा, कप्पा झाडायचा, आणि आठवड्यातून एकदा मेंढा काट्यावर चढवायचा. असे दहा आठवडे.

यात एक जुना नियम होता. आपल्या मेंढ्याला आपण हात लावायचा नाही. पूर्वी एका दीडशहाण्यानं स्वतःच्या मेंढ्याच्या उरलेल्या खुराकावर गुपचूप पाणी शिंपडलं होतं. खुराक जड झाला की मेंढ्यानं कमी खाल्ल्यासारखं दिसतं. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरत. मी तुझ्याचं मोजायचं, तू माझ्याचं. त्या वर्षी चौदा आणि पंधरा नंबरची जोडी निघाली, तेव्हा अध्यक्षांनी चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि टकलावरून हात फिरवला.

"पुन्हा टाकायच्या का?" त्यांनी विचारलं.

"कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "काम चोख होईल. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, त्यांचा माझ्यावर नाही. आणखी काय पाहिजे?"

पंधरा नंबर विहीणबाईंचा, चौदा नंबर मूठकाकूंचा. मूठकाकू हे नावही विहीणबाईंनीच दिलेलं. लेकीसाठी स्थळ बघायला म्हणून त्या पहिल्यांदा काकूंच्या घरी आल्या, तेव्हा चहाआधी वाडा बघायला निघाल्या आणि कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या, "या मेंढ्या आहेत की ससे?" काकूंनी शांतपणे सांगितलं की आमच्या मेंढ्या लहान दिसतात, पण मूठभर खाऊन अंग धरतात. "मूठभर?" विहीणबाई म्हणाल्या, आणि हसल्या. लग्न झालं, नातं जुळलं, आणि नाव चिकटलं ते कायमचं. काकूंनीही उधार ठेवलं नाही. "त्यांच्या मेंढ्या भल्या मोठ्या," त्या म्हणत, "तीन घरांचं एकट्या खातात आणि एका घराचं देतात." हे जिथे पोचायचं तिथे पोचलं.

तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना पाण्यात पाहत. पण अहोजाहो कधी सुटलं नाही. विहिणीला अगं म्हटलं तर भांडण संपतं, आणि ते कुणालाच नको होतं.

काकूंना आपल्या मेंढ्यांबद्दल खात्री होती, आणि ती काही हवेतली नव्हती. त्यांच्या सासूबाई कोकरं निवडत तेव्हा ना लांबी बघत ना उंची. संध्याकाळी गव्हाणीशी स्टूल टाकून बसत. जी मेंढी सगळ्यांत आधी गव्हाणीवरून हटून रवंथ करत बसते आणि तरी जिच्या पाठीवर हात फिरवला की हाड लागत नाही, तिचंच कोकरू ठेवायचं. बाकीची गेली. तीस वर्षं सासूनं हे केलं, पुढची तीस सुनेनं. मधे एक साल असं आलं होतं की पाऊस तोंड दाखवून गेला. लोकांच्या वाड्यांतून रोज मेलेल्या मेंढ्या ओढून बाहेर काढत होते, आणि काकूंच्या वाड्यात कुंपणाची छाटलेली पानं खाऊन एकोणीस मेंढ्या व्याल्या होत्या. काकू तेव्हा नव्या सून होत्या. सासूबाई नुसत्या कुंपणाशी उभ्या राहून शेजारच्या वाड्याकडे बघत होत्या. ते बघणं काकूंना अजून आठवे.

पण आठवणींवर वाडा चालत नाही, असं त्यांचा मुलगा म्हणे. चाऱ्याची टंचाई सुरू होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. संघानं ठरवलं होतं की या चाचणीत पहिला येणारा मेंढा पुढचे तीन हंगाम सगळ्या सभासदांच्या मेंढ्यांना लावायचा. मुलगा चाचणीच्या आदल्या दिवशी आईसमोर येऊन बसला.

"आई, एकदाच बोलतो. आपला मेंढा पहिल्या पाचात आला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आला तर मेंढ्या खाटकाला, आणि वाड्यात माझ्या सासूबाईंकडची जात. मान्य?"

"तुझ्या सासूबाईंनी शिकवून पाठवलं?"

"त्यांना माहीतही नाही. मान्य का?"

"मान्य," काकू म्हणाल्या. चौतीस मेंढ्या होत्या. त्यांना एकदाही वाटलं नाही की आपण काही पणाला लावतोय.

चाचणीचे आकडे बघायला पैदास खात्यातून एक तरुण बाई येत. संघात त्यांना आकडेवाली म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मेंढा काढला, तो सगळ्यांना कुत्रा वाटला, आणि मग त्यांनी समजावलं. इतक्या वजनाचा आणि इतका वाढणारा मेंढा साधारण इतकं खाईल, असा अंदाज काढता येतो. खरोखर तो किती खातो ते आपण मोजतो. अंदाजापेक्षा कमी खाऊन तेवढाच वाढला तर तो आपल्या कामाचा. जास्त खाल्लं तर नाही. नुसता लहान मेंढा कमी खातो यात काही विशेष नाही, मोठाही कामाचा निघू शकतो.

"आणि हे पोरांत उतरतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"सगळं नाही. पण बरंच उतरतं. म्हणून तर बाप नीट निवडायचा."

"हे माझ्या सासूला फळ्याशिवाय कळत होतं," काकू शेजारच्याला म्हणाल्या, ऐकू जाईल अशा आवाजात.

चौथ्या आठवड्यात पहिला तक्ता लागला. चौदा नंबर पहिला. पंधरा नंबर अडतिसावा. विहीणबाईंचा मेंढा गव्हाण रोज चाटूनपुसून साफ करत होता, काकूंचा रोज चांगला घमेलंभर खुराक उरवत होता, आणि वजन दोघांचंही वाढत होतं. काकू तक्त्यासमोर चष्मा काढून पुसत बराच वेळ उभ्या राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये विहीणबाई चौदा नंबरचा कप्पा झाडत होत्या. त्यांच्या तळहातांना फोड आले होते. घरी हे काम गडी करत.

"काय हो," त्या फावडं आपटत म्हणाल्या, "तुमचा मेंढा खातो मूठभर आणि लेंड्या घमेलंभर. हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

"तुम्हाला सवय नाही या कामाची," काकू पंधरा नंबरच्या कप्प्यातून म्हणाल्या, "म्हणून थोड्याही जास्त वाटतात."

शेजारच्या कप्प्यांतले लोक हसले. काकूही हसल्या. मग त्यांनी आपल्या फावड्याकडे पाहिलं. पंधरा नंबरनं काल सगळा खुराक संपवला होता, एक दाणा ठेवला नव्हता, आणि फावड्यावर होत्या जेमतेम दोन ओंजळी.

हसू ओठांवर तसंच राहिलं, पण आत काहीतरी खटकलं. दोघांना खुराक एकच. मग जे आत जातं ते बाहेरही त्याच मापानं यायला हवं. खाल्लेलं पोटात लपतं, लेंड्यांत लपत नाही.

त्या दिवशी विहीणबाई नळावर हात धुवायला गेल्या, तेव्हा काकूंनी त्यांचं भरलेलं घमेलं उचलून पारड्यात ठेवलं. नियम मेंढ्याला हात न लावण्याचा होता, लेंड्यांचा नव्हता. तीन दिवस त्यांनी हे केलं. तिन्ही दिवस मूठभर खाणाऱ्या चौदाच्या लेंड्या खादाड पंधराच्या दुपटीला भिडल्या.

चौथ्या दिवशी दुपारी शेड बंद करून सगळे जेवायला गेले, तेव्हा काकू मागच्या बाजूला गेल्या. पत्र्याला एका ठिकाणी फट होती. डोळा लावून उभ्या राहिल्या. ऊन पाठीवर भाजत होतं. आधी काहीच झालं नाही. मग त्यांचा चौदा नंबर उठला, आळस दिला, आणि दोन कप्प्यांमधल्या खालच्या फळीला कपाळानं ढकललं. फळीचा गव्हाणीकडचा खिळा केव्हाच निघाला होता. फळी वर झाली, मान पलीकडे गेली, आणि तो पंधराच्या गव्हाणीत निवांत खाऊ लागला. पंधरा एक पाऊल मागे सरला आणि बघत राहिला, घरच्या माणसानं पाहुण्यापुढं ताट सरकवावं तसा. पोट भरल्यावर चौदानं मान काढून घेतली, फळी जागेवर पडली, आणि आपल्या भरल्या गव्हाणीसमोर बसून तो सज्जनासारखा रवंथ करू लागला.

काकू फटीपासून बाजूला झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्यांच्या मनात आलं, आणि चोर आपल्या घरचा होता.

त्याहून एक गोष्ट जास्त झोंबली. पंधरा नंबर नोंदीपेक्षा अर्धंच खात होता आणि तरी वाढत होता. सासूबाई स्टुलावर बसल्या असत्या तर त्यांनी चाळिसांतून याच मेंढ्याकडे बोट केलं असतं. तीस वर्षं काकूंनी असा नर आपल्या वाड्यात जन्मावा म्हणून वाट पाहिली, आणि तो जन्मला कुठं, तर सशांना हसणाऱ्या बाईच्या घरी. आपल्या मेंढ्याची आई चांगली होती, यात वाद नव्हता. पण बाप बाहेरून आणलेला होता, आणि हा पठ्ठ्या सरळ बापावर गेला होता.

पाच दिवस त्या गप्प राहिल्या. गप्प राहण्यासारखं सोपं काही नव्हतं. चौतीस मेंढ्या रोज संध्याकाळी त्यांच्या पायांशी येऊन उभ्या राहत, आणि बोलायचं नाही एवढंच करायचं होतं.

सहाव्या दिवशी आकडेवाली तक्ता लिहीत होत्या. काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा चौदा नंबर पहिला आला, तर त्याची किती कोकरं होतील हो?"

"तीन हंगामांत? दोन हजारांच्या खाली नाहीत."

"आणि समजा आकडा चुकला असेल तर?"

"तर सगळ्यांच्या वाड्यांत खादाड भरतील." आकडेवालीनं खडू झटकला. "पण मग शोधायला सोपं जाईल. बापाचं नाव वहीत असतंच."

काकू घरी येईपर्यंत ती दोन हजार तोंडं त्यांना दिसत राहिली, दोन हजार गव्हाणींत खुपसलेली, आणि प्रत्येकावर लिहिलेलं, मूठकाकूंची जात.

आठवड्याच्या बैठकीत त्या उठल्या आणि म्हणाल्या की चौदा आणि पंधराच्या मधे पत्रा ठोकावा आणि दोघांची चाचणी आजपासून नव्यानं घ्यावी. अध्यक्षांनी नियमाचा कागद काढला. जोडीची चाचणी पुन्हा घ्यायची तर दोघांची सही लागत होती. सगळ्यांच्या माना विहीणबाईंकडे वळल्या. अडतिसाव्या नंबरवरच्या माणसाला नवी संधी कुणी देत असेल, तर तो काय करील, हे लहान पोरानंही सांगितलं असतं.

"नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच नाही. ज्याचं पारडं जड तो उगाच काटा बदला म्हणत नाही. यांनी आठ वर्षांत माझ्या फायद्याची एक गोष्ट केलेली मला दाखवा, मी आत्ता सही करते. यात काहीतरी डाव आहे. मला कळत नाही तोवर नाही."

लोक हसले. काकू खाली बसल्या. त्यांनी मागितलं होतं, मिळालं नव्हतं. उद्या कुणी बोट दाखवलं असतं तरी सांगता आलं असतं की मी म्हटलं होतं, यांनीच नको म्हटलं. पळवाट समोर होती, आणि ती विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं झाडून ठेवली होती. अध्यक्षांनी पुढचा विषय वाचायला घेतला. काकूंनी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून जांभई देत होता.

त्या पुन्हा उठल्या.

"मेंढा चोर आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?" विहीणबाई ताडकन वळल्या.

"माझा."

कुणी काही बोलायच्या आत त्या बाहेर गेल्या आणि सकाळची दोन घमेली आणून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी कागद उचलून छातीशी धरले. काकूंनी फळी, खिळा, दुपारची वेळ, सगळं सांगितलं, कुठेही आवाज न चढवता. आकडेवाली उठून घमेल्यांजवळ आल्या, दोन्ही उचलून बघितली, आणि हळूच म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

"म्हणजे मी म्हणत होते तेच," विहीणबाई म्हणाल्या. "लेंड्या घमेलंभर. मी पहिल्यापासून म्हणत होते."

"म्हणत होतात," काकू म्हणाल्या. "हातात घेऊन म्हणत होतात आणि तुम्हाला कळलं नाही, एवढंच."

विहीणबाईंनी सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

पत्रा ठोकला. पुढचे दहा आठवडे दोघी तशाच शेजारशेजारच्या कप्प्यांत वाकून झाडत होत्या. शेवटचा तक्ता लागला तेव्हा पंधरा नंबर पहिला होता, दुसऱ्यापेक्षा खूपच पुढे. चौदा नंबर एकतिसावा.

विहीणबाई तक्त्यासमोरून जाताना थांबल्या. "मी तुमचे आभार मानीन असं वाटत असेल तर वाट बघू नका."

"तुमची वाट मी कधी बघितली?" काकू म्हणाल्या.

घरी मुलगा जेवायला आईसमोर बसला. मग म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

"हात दाखवून अवलक्षण केलंस, आई."

"केलं. शब्द दिलाय, तो पाळते. गुरुवारी बोलाव खाटकाला. पण मला शेजारी उभं राहून समजूत घालू नकोस."

सुनेनं दोघांच्या पुढ्यातली ताटं उचलली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. तिनं फोनवर आईला काय सांगितलं, हे काकूंना कधी कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

गुरुवारी खाटकाची गाडी अकराला यायची होती. दहाला दारात दुसरीच गाडी उभी राहिली, आणि विहीणबाई चालकाच्या शेजारून खाली उतरल्या. वाड्यापाशी येऊन त्यांनी कुंपणावर कोपर टेकलं, आठ वर्षांपूर्वी टेकलं होतं तस्संच.

"तमाशा बघायला आलात?" काकूंनी विचारलं.

"मेंढ्या न्यायला आले. सगळ्या."

काकूंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"माझ्या मेंढ्याला माद्या लागतील," विहीणबाई वाड्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्या घरच्या मेंढ्या म्हणजे धान्याची कोठारं आहेत, रोज ओतायचं आणि तळ दिसत नाही. असल्यांत हा एक कुठून निपजला, देव जाणे. त्याला त्यांच्यावर लावला तर त्याचा कमी खाण्याचा गुण पातळ होईल. तुमच्या या सशांवर लावला तर टिकेल. हे मी संघात मेले तरी बोलणार नाही, आणि तुम्ही बोललात तर मी नाकारीन."

"आठ वर्षं हसलात."

"हसले. पुढेही हसेन. बिल्ले माझ्या वाड्याचे लागतील. वहीत नाव माझं येईल. तुमचं कुठेही येणार नाही, हे आधीच सांगते. नंतर नातं मधे आणायचं नाही."

मुलगा फाटकापाशी उभा होता. तो आईकडे बघत होता. काकूंनी वाड्यात पाहिलं. साठ वर्षांची निवड तिथे उभी राहून रवंथ करत होती. अकराच्या गाडीत गेली तर मूठकाकूंची म्हणून संपली असती. दहाच्या गाडीत गेली तर राहिली असती, पण दुसरीच्या नावानं, आणि ती दुसरी जगात सगळ्यांत नकोशी होती. 

"न्या," त्या शेवटी म्हणाल्या. "दुपारी खुराक देऊ नका. सकाळी आणि तिन्हीसांजेला, आणि तोही—"

"मला शिकवू नका."

"बरं."

विहीणबाईंनी गाडीची फळी खाली टाकली, वाड्याचं फाटक उघडलं आणि आत शिरून सगळ्यांत धिप्पाड दिसणाऱ्या मेंढीला पुढे ढकललं. मेंढी दोन पावलं गेली आणि फिरली. तिच्यामागे सगळा कळप फिरला. विहीणबाईंनी हात पसरले, पदर खोचला, हुर्र केलं, काठी मागितली. कळप त्यांच्याभोवती गोल गोल फिरत राहिला, आणि धुळीतून मधेमधे त्यांचं डोकं दिसत राहिलं. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी घाई केली नाही. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. मुलगा मदतीला निघाला, तर त्याला त्यांनी नजरेनं जागच्या जागी थांबवलं.

रस्त्याच्या वळणावर खाटकाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, तेव्हा त्या वाड्यात उतरल्या. कान फाटलेली एक म्हातारी मेंढी कोपऱ्यात उभी होती, तिच्या गळ्याखाली हात घातला आणि तिला घेऊन चालू लागल्या.

"मी आणलं असतं," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमचे उपकार नकोत मला."

"तुमच्यावर कोण करतंय," काकू म्हणाल्या, आणि फाटक्या कानाची मेंढी गाडीत चढवली. बाकीच्या तेहतीस एकामागून एक तिच्या मागे चढल्या.